वळचणीचा गोळा : जपानी लाकूडठशांतली जुनी घरं

पागोळी (धागाकर्ती)

आमच्या ठाण्याच्या घरात जिन्याच्या वळणावर एक जपानी लाकूडठसा-चित्र आहे, म्हणजे लाकडी फळीवर कोरून कागदावर छापलेलं. सासरे १९८७ साली कंपनीच्या कामाला तीन महिने ओसाकाला होते, तेव्हा एका रविवारी क्योतोला जाऊन त्यांनी ते आणलं. मी लग्न होऊन आले तेव्हापासून ते तिथेच आहे आणि खरं सांगायचं तर मी ते कधी पाहिलंच नव्हतं. वेळ बघताना घड्याळ कुठे दिसतं, तसं.

गेल्या महिन्यात रंगकाम निघालं म्हणून ते उतरवलं, गच्चीच्या दाराशी टेकवून ठेवलं आणि त्यावर तिरपं ऊन पडलं तेव्हा थबकले.

चित्रात एका दुमजली लाकडी घराचा दर्शनी भाग आहे, एवढंच. खाली इकडून तिकडे उभ्या पट्ट्यांची जाळी. वर मातीच्या भिंतीत एक बुटकी, लांबट खिडकी, तिचे गजही मातीनेच लिंपलेले. दाराला निळा पडदा, मधून चिरलेला, त्यावर एक पांढरं अक्षर. भिंतीच्या पायथ्याशी बांबूच्या कामट्यांना बाक देऊन केलेलं काहीतरी, त्याला सासूबाई 'खुराडं' म्हणतात. आणि दारावर, वळचणीला टांगलेला एक तपकिरी गोळा, चांगला कलिंगडाएवढा. माझा मुलगा लहानपणी त्याला गांधीलमाश्यांचं पोळं समजायचा आणि जिन्याच्या त्या चार पायऱ्या पळत उतरायचा. माणूस चित्रात एकही नाही.

उन्हात दिसलं ते असं, की डावीकडच्या फळ्यांच्या भिंतीवर ज्या बारीक रेषा आहेत त्या कुणी काढलेल्याच नाहीत. त्या लाकडाच्या नसा आहेत. ठशाच्या फळीच्या स्वतःच्या नसा कागदावर उतरल्यात. एक गाठसुद्धा आहे, ओढ्यातल्या दगडाला पाणी वळसा घालतं तशा नसा तिच्याभोवती वळल्यात. म्हणजे फळीचं चित्र फळीनेच काढलंय!

मग काय, पंधरा दिवस नाद लागला. कळलं ते लिहिते, चुकलं तर जाणकारांनी कान धरावा.

चित्रकार पातळ कागदावर काळ्या रेघांचं रेखाटन करतो. तो कागद चेरीच्या फळीवर पालथा डकवतात आणि वरचा पापुद्रा बोटाने चोळून काढतात, की उलटं चित्र लाकडावर दिसू लागतं. मग रेघा सोडून बाकीचं लाकूड कोरून टाकायचं. इथे मी बराच वेळ अडकले. आपण पेन्सिलने रेघ ओढतो तेव्हा कागदावर काहीतरी घालतो. इथे रेघ घालायची नसते, ती उरते. जाळीतली एकेक पट्टी म्हणजे दोन्ही बाजूंनी सुरीचा तिरका काप देऊन उभी ठेवलेली लाकडाची इवलीशी भिंत. काप तिरका अशासाठी, की रेघेचा पाया रुंद राहावा, नाहीतर छापताना मोडायची. मी भिंग घेऊन मोजल्या, खालच्या मजल्याला ६४ पट्ट्या आहेत. म्हणजे १२८ काप, आणि हात एकदाही सटकलेला नाही.

पुढे रंगागणिक वेगळी फळी. रंग पाण्यातले, त्यात तांदळाची खळ. कागद कोझो नावाच्या तुतीच्या जातीच्या झुडपाच्या सालीचा, त्यावर सरस आणि तुरटीचं पाणी फिरवलेलं, म्हणजे रंग फुटत नाही. (खळ, सरस, तुरटी. आजीच्या फडताळातलं सामान!) दाबायला यंत्र नाही. कागद फळीवर ठेवायचा आणि 'बारेन' नावाच्या चकतीने पाठीमागून घासायचा. प्रत्येक रंग जागच्या जागी बसावा म्हणून फळीला दोन खाचा ठेवतात, एक कोपऱ्यात आणि एक कडेला. कागद दर वेळी त्यांतच टेकवायचा. या खाचांना 'केंतो' म्हणतात. जपानीत केंतो म्हणजे अंदाज असाही अर्थ आहे आणि 'केंतो चुकला' म्हणजे माणूस भलतंच समजून बसला.

आता माझं म्हणणं. ही चित्रं 'जुन्या क्योतोची दृश्यं' म्हणून विकली जातात. पण मला ती दृश्यं वाटत नाहीत, लाकूडकाम वाटतात. ज्या सुताराने ती जाळी केली त्याला लाकडाची नस बघून रंधा मारावा लागला, आणि ज्याने ती जाळी कोरली त्यालाही नस बघूनच सुरी चालवावी लागली. म्हणून ही घरं या माध्यमात जशी बसतात तशी जलरंगात बसत नाहीत.

नावं शोधताना तीन माणसं पुन्हापुन्हा भेटली. कात्सुयुकी निशिजिमा, जन्म १९४५, क्योतोच्या मिकुमो या ठसेचित्रांच्या प्रकाशनगृहात शिकून पुढे स्वतंत्र झालेले. जाड काळी रेघ, दुकानांची दारं, पाट्या, पडदे, आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही. मासाओ इदो (१९४५ ते २०१६), मूळचे कापड रंगवण्याच्या कामात तयार झालेले, त्यांचा हिरवा इतका ओळखीचा की लोक त्याला 'इदो हिरवा' म्हणतात. आणि क्लिफ्टन कारहू (१९२७ ते २००७), हे चक्क अमेरिकन. आमचं चित्र निशिजिमांच्या वळणाचं वाटतं, पण खाली सही-बिही काही नाही. फोटो पहिल्या प्रतिसादात टाकते.

तर मंडळी, तो गोळा काय आहे? आणि ते खुराडं?

उजीचा_चहा

पागोळी, मस्त लिहिलंयस. मी क्योतोजवळ अकरा वर्षं राहतोय, त्यामुळे हे प्रश्न मला सुटणं भागच आहे.

गोळा म्हणजे सुगीदामा. सुगी हा इथला देवदारासारखा दिसणारा सूचिपर्णी वृक्ष, त्याच्या कोवळ्या डहाळ्या एका गाभ्यात ठासून बसवतात आणि कात्रीने गोल छाटतात. तो भातदारू गाळणाऱ्यांच्या दारावर टांगतात, म्हणजे तुझं घर साकेचं आहे. पडद्यावरचं अक्षरही साकेचंच. नारा शहराजवळच्या ओमिवा देवळात दर वर्षी १४ नोव्हेंबरला साके गाळणाऱ्यांचा उत्सव असतो, तिथून ही चाल आली. थंडीत नवी साके तयार झाली की नवा गोळा चढतो, तेव्हा तो हिरवागार असतो. पावसाळा, उन्हाळा सोसत तो वाळत जातो आणि पानगळीच्या सुमारास तपकिरी होतो. गल्लीतून जाणाऱ्याला दारात न शिरताच कळतं की आतली साके किती मुरली आहे.

खुराड्याचं नाव इनुयाराई. 'इनू' म्हणजे कुत्रा. पायथ्याच्या भिंतीवर कुत्र्यांनी तंगडी वर करू नये, पावसाचे शिंतोडे उडू नयेत आणि येणाऱ्याजाणाऱ्याने भिंतीला चिकटून आतलं ऐकू नये, म्हणून. सासूबाईंना सांग, कोंबड्या नाहीत पण प्राण्याचा संबंध आहे.

ती बुटकी खिडकी मुशिको-मादो. 'मुशिको' म्हणजे किड्याचा पिंजरा. इथे गाणारे किडे पिंजऱ्यात पाळायची हौस होती, त्याच्या गजांसारखे हे गज. त्यामागे माळा असतो, पूर्ण उंचीचा मजला नव्हे.

एक विचारायचं होतं. चित्राच्या खाली पांढरा कागद किती सुटलाय? सही आणि अनुक्रमांक बहुतेक तिथे पेन्सिलने असतात.

पागोळी

पांढरा कागद अजिबात नाही. चित्र संपतं तिथे चौकटीची पट्टी सुरू होते. फ्रेम साधारण १९९० ची, स्टेशनजवळच्या एका दुकानातून केलेली. दुकान आता नाही.

सुगीदामा! मुलाला कळवलं. तो म्हणाला, "म्हणजे मी दहा वर्षं गुत्त्याला घाबरून पळत होतो?"

टिंबटिंब

लेख चांगला आहे, पण थोडं विरजण घालतो. ही चित्रं मी हॉटेलांच्या लांबलचक बोळांत पाहिली आहेत आणि मला ती कॅलेंडरी वाटतात. क्योतोच्या खऱ्या गल्लीत डोक्यावर विजेच्या तारांचं जाळं असतं, कोपऱ्यावर पेयांचं यंत्र असतं, दारात सायकली पडलेल्या असतात. चित्रात सगळं गायब. माणूसही गायब. पर्यटकाला जे बघायचंय तेवढंच ठेवून बाकी खरवडून टाकायचं, याला मी स्मरणरंजन म्हणतो. आणि ती घरं तरी कुठे उरलीत? महापालिकेच्या २०१६ च्या पाहणीत क्योतोत सुमारे ४० हजार माचिया, म्हणजे शहरातली अशी जुनी लाकडी घरं, निघाल्या आणि आधीच्या पाहणीशी ताडून पाहिलं तर दिवसाला साधारण दोन या वेगाने त्या पडताहेत. दिवसाला दोन घरं पाडायची आणि तीच चित्रात टांगायची.

कारहूचं उदाहरण तर बोलकं आहे. क्योतोच्या गल्ल्यांचा गाजलेला चित्रकार मिनेसोटाचा निघावा! बाहेरच्या माणसालाच हे गोड लागतं.

उजीचा_चहा

टिंबटिंब, तारांचं आणि सायकलींचं शंभर टक्के खरं. माझी स्वतःची सायकल अशाच एका जाळीला टेकून उभी असते.

पण घरं पडण्याचं कारण गोडवा नाही. १९५० च्या इमारत कायद्यानंतर शहराच्या दाट वस्तीत जुन्या पद्धतीचं उघड्या लाकडाचं घर नव्याने बांधणं जवळपास अशक्य झालं. क्योतो महापालिका माचिया म्हणते ती १९५० च्या आधीचीच घरं. म्हणजे आकडा फक्त खाली जाऊ शकतो, वर नाही. त्यात वारसा कर, आणि समोरून चिंचोळी पण आत लांबच लांब गेलेली जागा, जिला इथे 'ईल माशाचं अंथरूण' म्हणतात. वारस तीन असले की ती विकण्याशिवाय गत्यंतर नसतं. ऐकल्यासारखं वाटतंय ना?

बाहेरच्यांचं मात्र तुम्ही अर्धंच सांगितलंत. कारहू फिनिश वंशाचा, पन्नाशीच्या दशकात धर्मप्रचारक म्हणून आला, ते सोडून चित्रकार झाला, आयुष्यभर इथेच राहिला, किमोनोत वावरायचा, शेवटी कानाझावा शहरात होता. पण निशिजिमाही क्योतोचे नाहीत, ते दूर पश्चिमेच्या यामागुचीचे. इदोंचा जन्म चीनमधला, लहानपण उत्तरेच्या इवातेत, पंधराएक वर्षांचे असताना क्योतोला आले. तिघांतला एकही क्योतोत जन्मलेला नाही! इथे वाढलेल्याला ती जाळी म्हणजे आईने रोज पुसायला लावलेली जाळी. ती चित्रात घालावी असं त्याला सुचायचं नाही.

टिंबटिंब

हे पटलं. पागोळींनाही पस्तीस वर्षांत सुचलं नव्हतं. :)

मिस्त्री_राजापूरकर

मी एरवी फक्त वाचतो. आमचे वडील सुतार, मी सुरुवातीची आठ वर्षं त्यांच्या हाताखाली काढली, आता मॉड्युलर किचनच्या धंद्यात आहे, म्हणजे लाकडाला हात लावत नाही असं समजा.

पागोळीताईंनी टाकलेला फोटो मोठा करून बघितला. जाळीतल्या पट्ट्या सगळ्या सारख्या नाहीत. दोन-तीन पट्ट्या वरपर्यंत गेल्यात आणि मधल्या खालीच थांबल्यात, असं एकाआड एक चाललंय. ते शोभेसाठी नसावं. वर उजेड जास्त हवा आणि खाली आडोसा हवा, असा हिशेब दिसतो. आमच्याकडे पडवीला गज बसवताना वडील असंच करायचे, खाली दाट, वर विरळ. चित्रकाराने ते बघून तसंच ठेवलंय, एकसारख्या रेघा मारल्या नाहीत. कॅलेंडरवाला एकसारख्या मारतो.

दुसरं, उभ्या पट्टीत नस उभीच हवी. आडव्या नसेची पट्टी हातात मोडते. कोरणाऱ्याचंही तेच असणार. जाळीच्या रेघा फळीच्या नसेबरोबर धावतील अशीच त्याने फळी लावली असेल, नाहीतर एवढी बारीक रेघ नसेला आडवी टिकणार नाही. जाणकारांनी सांगावं.

ओलीशाई

मिस्त्री, तुम्ही लाकडाला हात लावत नाही हे मला मान्य नाही. :) मी जेजेत प्रिंटमेकिंग केलं. तिथे वुडकटच्या पहिल्याच आठवड्यात नसेला आडवी रेघ कोरून ती तुकड्या-तुकड्याने उडालेली पाहिली आहे, आणि सरांनी "आता कळलं?" एवढंच म्हटलेलंही आठवतंय.

पाश्चात्त्य लाकूडकोरणीत खोड आडवं कापून त्याचा माथा वापरतात, तिथे नसेचा प्रश्नच येत नाही. जपानी पद्धतीत फळी उभी चिरलेली असते, त्यामुळे नस सांभाळावीच लागते. चेरी वापरतात ती घट्ट आणि बारीक नसेची म्हणून, तिच्यात आडवी रेघही बऱ्यापैकी तग धरते. पण कुणी फुकट धोका पत्करत नाही.

आता पागोळीचा कान धरते. भिंतीवर ज्या ठसठशीत नसा उमटल्यात त्या चेरीच्या नसणार. चेरीची नस इतकी बारीक की ती अशी छापली जात नाही. त्या भागासाठी वेगळ्या, मऊ आणि ठळक नसेच्या लाकडाची फळी वापरली असेल. ती तारेच्या ब्रशने घासतात, मधला मऊ भाग झिजतो, कडक नसा वर राहतात आणि रंग त्यांनाच लागतो. म्हणजे तुझी भिंत 'आपोआप' आलेली नाही. कुणीतरी दहा फळ्या पालथ्या घालून ती गाठवाली फळी निवडली आहे. या कामात सगळ्यात हात बसलेला माणूस कियोशी साइतो (१९०७ ते १९९७). त्यांच्या आइझू या ईशान्य जपानातल्या भागाच्या हिवाळ्यातल्या चित्रांत बर्फात बुडालेली घरं आहेत, आणि भिंती, छपरं यांत लाकडाची नस अशी वापरली आहे की रंग कमी आणि लाकूडच जास्त दिसतं. १९५१ च्या साओ पावलो द्वैवार्षिकीत त्यांना बक्षीस मिळालं होतं. आणि टिंबटिंब, साइतो आइझूचेच बरं का. घरचा माणूसही काढतो कधीकधी.

आणखी एक. जुन्या पद्धतीत चित्रकार, कोरणारा, छापणारा वेगवेगळे आणि वर पैसे घालणारा प्रकाशक. एकोणिसाव्या शतकातला नामवंत ठसेचित्रकार हिरोशिगे, त्याने एकही फळी कोरलेली नाही. १९०४ साली कानाए यामामोतोने एका कोळ्याचं चित्र स्वतःच काढलं, स्वतःच कोरलं, स्वतःच छापलं, आणि तिथून 'सगळं एकाच हाताने' हा पंथ सुरू झाला. साइतो, कारहू या पंथातले. दुसऱ्या बाजूला शोझाबुरो वातानाबे हा प्रकाशक जुनी वाटणी चालवत राहिला, हासुई या चित्रकाराची बर्फातली देवळं त्याच्याकडची. तेव्हा सुताराचा आणि चित्रकाराचा हात एकच, हे तुझं म्हणणं सगळ्यांना लागू नाही. हासुईला ते लागू करायचं तर त्याच्या कोरणाऱ्याला करावं लागेल, आणि त्याचं नाव चित्रावर सहसा नसतं.

पागोळी

ओलीशाई, कान लाल झाला, पण आवडलं. दहा फळ्या पालथ्या घालणारा माणूस मला आता चित्रातल्या घरापेक्षा जास्त दिसतोय.

कौलारू

इतकं घरांवर बोलून गवती छपरांवर कुणीच नाही? मला या प्रकारात सगळ्यात आवडतात ती कायाबुकी, म्हणजे गवताने शाकारलेल्या घरांची चित्रं. र्‍योहेई तानाका यांची तर किती! काडी न् काडी दिसते. ती काळ्या शाईतली लाकूडठसा-चित्रं बघून मी २०१८ ला शिराकावा-गो हे गवती छपरांचं डोंगरी गाव गाठलं.

तिथली गाश्शो घरं, म्हणजे नमस्कारासाठी जोडलेल्या हातांसारखं छप्पर. उतार जवळजवळ ६० अंशांचा, बर्फ घसरून पडावं म्हणून. आत तीन-चार मजली माळे, तिथे पूर्वी रेशमाचे किडे पाळायचे, खालच्या चुलीचा धूर वर जाऊन गवत आणि सुंभ दोन्ही टिकवायचा. मुख्य वासे खिळ्यांनी नाही, दोरांनी आवळलेले. तीस-चाळीस वर्षांनी छप्पर बदलायची वेळ येते तेव्हा सगळा गाव उतरतो, त्याला 'युई' म्हणतात. माझी आजी कोकणातली. "आज खोतांच्याकडे शाकारणी" म्हटलं की घराघरातून एक माणूस जायचा, त्याची आठवण झाली. आपल्याकडे ते दर वर्षी, मिरगाच्या आधी. तिकडे आयुष्यात दोनदा.

ओलीशाई

कौलारू, तुमच्यामुळे एक गैरसमज दूर करायची संधी मिळाली. र्‍योहेई तानाका (१९३३ ते २०१९) यांची चित्रं लाकूडठसा नाहीत. ती एचिंग आहेत, धातूच्या पत्र्यावर ॲसिडने खाल्लेली रेघ. म्हणूनच काडी न् काडी दिसते. लाकडात एवढ्या काड्या उभ्या राहणार नाहीत.

ओळखायची खूण: एचिंगमध्ये चित्राभोवती पत्र्याच्या कडेचा दबलेला चौकोन असतो. लाकूडठशात तो नसतो, पण कागद उलटा करून उजेडात धरला तर पाठीमागे रंग उतरलेला दिसतो आणि बारेन फिरल्याच्या गोलसर खुणा दिसतात. लाकूडठशाचा चित्रकार गवताचं छप्पर काड्यांनी दाखवत नाही, एका सपाट राखाडी रंगाने आणि खालच्या बाजूला फिक्या होत गेलेल्या छटेने दाखवतो. त्या छटेला 'बोकाशी' म्हणतात. ओल्या फळीवर ब्रशच्या एकाच कडेला रंग घेऊन ती आणायची, आणि प्रत्येक प्रतीला नव्याने. पाचशे प्रती तर पाचशे वेळा.

कौलारू

सात वर्षं मी लोकांना लाकूडठसा म्हणून सांगत होतो. केंतो चुकला!

अनुस्वार

धागा वाचून कपाट उघडलं. महाराष्ट्राचा एक खरा धागा इथे आहे, तो कुणी ओढला नाही म्हणून लिहितो. हिरोशी योशिदा (१८७६ ते १९५०) १९३०-३१ च्या हिवाळ्यात मुलगा तोशीला घेऊन हिंदुस्थानात आले होते. त्या प्रवासाची ठसेचित्रं पुढच्या एक-दोन वर्षांत निघाली. ताजमहाल, काशीचे घाट, उदेपूर, सांची यांच्या जोडीला अजिंठा आणि वेरूळही आहेत. हे गृहस्थ फळ्या कोरणाऱ्यांच्या आणि छापणाऱ्यांच्या डोक्यावर उभे राहून काम करून घ्यायचे, कधी स्वतः सुरी हातात घ्यायचे, आणि स्वतः देखरेख केलेल्या प्रतीवर तसा वेगळा शिक्का मारायचे.

गंमत बघा. पागोळींच्या चित्रात लाकडाने लाकूड छापलंय. वेरूळला तर उलटं. आपल्या लेण्यांत दगडात लाकडी वासे कोरलेले असतात, ज्यांना काहीच पेलायचं नसतं. वेरूळच्या दहाव्या लेण्याला लोक 'सुतार की झोपडी' म्हणतात ते त्याच्या छतातल्या दगडी वाशांमुळे. म्हणजे सुताराचं काम दगडात उतरलं. योशिदांनी लेण्यांचं चित्र केलं तेव्हा तोच दगड चेरीच्या फळीतून परत कागदावर आला.

मिस्त्री_राजापूरकर

दहाव्या लेण्यात वडील मला घेऊन गेले होते. वर बघून म्हणाले, वाशांचं अंतर बरोबर ठेवलंय.

टिंबटिंब

मिस्त्रीबुवा, या एका वाक्यासाठी धागा वर आणतोय.

माझा आक्षेप थोडा मागे घेतो, पूर्ण नाही. माणूस का नाही, याचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही. एवढं कामाचं कौतुक, तर काम करणारा का दाखवू नये? हिरोशिगेच्या चित्रांत हमाल आहेत, पावसात पळणारे आहेत, चहावाल्या आहेत.

उजीचा_चहा

प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर एवढंच, की दारावरचा पडदा, नोरेन, बाहेर असला म्हणजे दुकान उघडं. बंद करताना तो आत घेतात. पागोळीच्या चित्रात पडदा बाहेर आहे. आत माणूस आहे, तुम्ही पडदा बाजूला सारायचाय. हे शब्दच्छलासारखं वाटेल, पण इथल्या माणसाला पडदा बघितल्यावर घर रिकामं वाटत नाही.

अवांतर: काही जुन्या व्यापारी घरांना छपराच्या दोन टोकांना गिलाव्याच्या छोट्या उभ्या भिंती असतात, शेजारची आग पसरू नये म्हणून. त्यांना 'उदात्सू' म्हणतात. त्या बांधायला पैसा लागायचा, म्हणून ज्याचं आयुष्यात काही वर येत नाही त्याला अजूनही म्हणतात, 'त्याचा उदात्सू चढत नाही'. मिनो गावात आणि तोकुशिमाच्या वाकिमाचीत अशा घरांच्या रांगा आहेत. जुन्या वस्त्या जपायला १९७५ साली कायद्यात तरतूद झाली आणि १९७६ मध्ये पहिल्या सात वस्त्या निवडल्या. शिराकावा-गो, त्सुमागो, क्योतोचं गिओन शिंबाशी त्यांतलेच. यामागुची प्रांतातलं हागी गाव तर दोन वस्त्यांसकट. म्हणजे निशिजिमांच्या प्रांतातलंच.

टिंबटिंब

पडद्याचं मानतो. आमच्या वाड्यात दिंडी उघडी म्हणजे घरात माणूस, तसं.

ओलीशाई

पागोळी, गप्पा राहू देत, आधी ती फ्रेम उघड. १९९० ची आपल्याकडची फ्रेम म्हणजे मागे साधा पुठ्ठा, त्यातलं आम्ल कागद खातं. काचेला चित्र थेट चिकटलेलं असेल तर ठाण्याच्या चार महिन्यांच्या दमटपणात खळीचा रंग काचेला धरतो आणि बुरशीचे तांबूस ठिपके येतात. आम्लविरहित पुठ्ठा लाव, काच आणि कागद यांत पट्टीचं अंतर ठेव आणि त्या गच्चीच्या उन्हात परत नेऊ नकोस. निळा आधी उडतो की हिरवा, हे बघायची वेळ आणू नकोस. काढताना ओढू नको. चिकटलंय असं वाटलं तर तशीच थांब आणि मला निरोप कर.

आणि पांढरी कड कापलेली असेल तर माझ्या वतीने त्या दुकानाला दोन शिव्या दे.

पागोळी

शिव्या परत घ्याव्या लागणार आहेत.

काल रात्री जेवणं झाल्यावर टेबलावर जुनी चादर अंथरली, सासूबाईंनी बॅटरी धरली आणि मागचे खिळे एकेक करून काढले. पुठ्ठा हातात भुगा होऊन आला. आत चित्र उलटं. ओलीशाई म्हणाली तसंच, पाठीवर जाळीचा काळा पुसट उतरलेला आणि निळ्या पडद्यामागे गोल-गोल खुणा. सासूबाई म्हणाल्या, "हे तर चटणी वाटल्यासारखं फिरवलंय."

कड कापलेली नाही. फ्रेमवाल्याकडे मापाची पट्टी नसणार, म्हणून त्याने चारही बाजूंनी पांढरा कागद मागे दुमडून चित्र चौकटीत बसवलं होतं. घड्या पिवळ्या पडल्यात, एका कोपऱ्यात थोडं फाटलंय, पण सगळं आहे. खाली डावीकडे पेन्सिलने ३१२ तिरकी रेघ ५००. मध्ये तीन अक्षरं. उजवीकडे सही आणि लाल शिक्का. शेजारी अगदी बारीक मराठीत, सासऱ्यांच्या अक्षरात : "क्योतो, रविवार. पाऊस." सासूबाई बॅटरी घेऊन बराच वेळ तिथेच धरून बसल्या.

फोटो टाकलाय. उजीचा_चहा, वाच बाबा.

उजीचा_चहा

सही निशिजिमांची नाही, त्यांची मी ओळखतो. आडनावाचं पहिलं अक्षर 'यामा', पुढचं घाईत केलंय. शिक्क्याचा मोठा फोटो दे, इथल्या एका जुन्या छापवाल्याला दाखवतो.

मधली तीन अक्षरं सोपी आहेत. पहिली दोन म्हणजे साकेचं दुकान. तिसरं 'आकी', शरद ऋतू.

टिंबटिंब

म्हणून गोळा तपकिरी.